जांभळ्या फुलाची मसूर

आमच्या पठारावर माणसाची किंमत मे महिन्यात ठरते. ज्याच्या शेतात जांभळी फुलं जास्त, तो मोठा. ज्याच्या शेतात पांढरी जास्त, त्याच्या मुलीला स्थळ उशिरा येतं आणि त्याच्या घरची कॉफी लोक उभ्याउभ्या पितात. पीक सगळ्यांचं एकच, मसूर. पण जांभळ्या फुलाची मसूर ती खानदानी, आणि पांढऱ्या फुलाची म्हणजे कुणीतरी खालून, समुद्राकाठच्या गावांतून आणलेली भिकारडी.

मी खालूनच आले. लग्न होऊन आले त्याला आता जन्म लोटला, तीन मुलं इथं वाढवली, सासूबाईंना इथल्याच मातीत पोचवलं, तरी गावाची मी अजून सूनच. डियामांतो हे माझं नाव मतदानाच्या दिवशी तेवढं ऐकू येतं. आईनं येताना रुमालात बांधून मसुरीचं बी दिलं होतं, पांढऱ्या फुलाचं. पहिल्या वर्षी मी ते हौसेनं पेरलं. फूल आल्याबरोबर सासूबाईंनी एकेक रोप उपटलं आणि माझ्यादेखत गाढवाला घातलं. वर म्हणाल्या, "घे रे बाबा, तुझ्या माहेरचं आलंय." गाढवानं आवडीनं खाल्लं. मला तेव्हा जो राग आला तो अजून जुना झालेला नाही.

मग मी खळ्यामागची एक पट्टी धरली. नुसते दगड होते तिथं, कुणालाच नको होती. दर वर्षी तिथं आईचं बी पेरायचं, दर वर्षी काढायचं, थोडं खायचं, थोडं ठेवायचं. माझा नवरा झोइस भांडणाला भिणारा माणूस. तो त्या पट्टीकडं पाठ करून बसायचा आणि मसूर मात्र त्याच पट्टीतली मागायचा.

जांभळ्याचा मूळ मान लांब्रोसकाकांच्या घराचा. आमच्या ह्या ग्रीक बेटावर व्हेनिसचं राज्य होतं तेव्हा त्यांच्या कुठल्याशा खापरपणजोबाला तिथल्या सुभेदारानं मूठभर बी बक्षीस दिलं म्हणे. कशाबद्दल, ते सांगताना दर वेळी बदलतं. कधी सुभेदाराचा घोडा वाचवला म्हणून, कधी बायको. तेव्हापासून ऑगस्टमध्ये तारणहार येशूच्या सणाला देवळापुढं हंडे चढतात त्यातला पहिला हंडा त्यांच्या शेतातल्या मसुरीचा. काका स्वतः डाव घेऊन उभे राहतात. मसूर एकदा उकळायची, ते पाणी फेकून द्यायचं, मग दुसऱ्या पाण्यात लसूण, तमालपत्र आणि तेल घालून शिजवायची, हे त्यांच्या घरचं गुपित. अख्ख्या गावाला ठाऊक असलेलं गुपित. एवढं करूनही ती जराशी कडवट लागते आणि जेवणानंतर डोकं जड होतं. त्या डोकेदुखीला गावात तारणहाराचं ओझं म्हणतात. ज्याचं डोकं दुखत नाही त्याची श्रद्धा कमी, असा हिशोब.

सप्टेंबरात क्रुसाच्या सणाला प्रत्येक घर पसाभर बी देवळात नेतं. पाद्रीबाबा ते सगळं एका टोपलीत ओततात, मंत्र म्हणतात आणि मिसळलेलं बी पुन्हा पसापसा वाटून देतात. ते घरच्या बियात मिसळल्याशिवाय पेरणी होत नाही. टोपलीपाशी काय चेंगराचेंगरी होते ती पाहावी. काकांचं बी टोपलीत ज्या बाजूला पडलं असेल त्या बाजूनं प्रत्येकाला ओंजळ हवी असते. पुढं फुलं आली की बायका शेतात उतरतात आणि पांढरं दिसेल तिथं उपटतात. अशी आम्ही आमची इज्जत वाढवत नेली.

गेल्या वर्षी काकांच्या डोक्यात सरकारी शिक्क्याचं आलं. म्हणजे पिशवीवर छापायचं, की ही मसूर याच पठाराची, दुसरीकडं मिळायची नाही. कॉफीच्या दुकानात सगळा गाव जमला होता. दुकान नियोनियोसचं. तो साखर कमी घालतो आणि बोलतो मात्र जास्त.

"शिक्क्याला एकच अट आहे," काका म्हणाले. "एक गाव, एक बी. यापुढं पठारावर दुसऱ्या बियाचं एक रोप दिसता कामा नये." मग माझ्याकडं वळले. "सूनबाई, खळ्यामागचं तुझं ते काय आहे ते यंदा काढून घ्यायचं."

"ती मसूर आहे, काका."

"असेल. माकडही जरासं माणसासारखं असतं."

दुकान हसलं. नियोनियोस सगळ्यात मोठ्यानं.

"मी काढणार नाही," मी म्हटलं.

"तू काढू नकोस. आम्ही काढू. झोइस, काय रे, ऐकतोयस ना?"

झोइस कॉफीच्या कपात काहीतरी शोधत होता. मी घरी येऊन पट्टीवर गेले. रोपं नुकती वर येत होती. आईचं दुसरं काहीही माझ्याजवळ उरलेलं नव्हतं, रुमालसुद्धा विरून गेला होता. ही पट्टी गेली की ते बी जगातून गेलं, आणि काढणारे माझ्याच अंगणात कॉफी प्यायलेले असणार होते.

मे महिन्यात तपासणीसाठी अथेन्सहून विद्यापीठातल्या बाई आल्या. पोलिक्सेनी नाव. उंच, किरकोळ, गळ्यात भिंग, पायात पुरुषी बूट. काकांनी सदरा इस्त्रीचा घातला होता. पाद्रीबाबा, नियोनियोस आणि निम्मा गाव मागं. मीही गेले. मला कुणी बोलावलं नव्हतं.

काकांचं शेत नुसतं जांभळं झालं होतं. खोटं कशाला बोलू, सुंदर दिसत होतं.

"बघा हा रंग," काका काठी फिरवत म्हणाले. "सम्राटांचा रंग आहे हा. असा दुसरीकडं कुठं पाहिलाय?"

"पाहिलाय," बाई म्हणाल्या.

"कुठं?"

"येताना. रस्त्याच्या कडेला, सगळीकडं."

"आमचंच बी उडून गेलं असणार."

बाईंनी एक रोप खुडलं आणि शेंग नखानं उकलली.

"दाणे मोजा," काका म्हणाले. "लोकांच्या मसुरीच्या शेंगेत एक नाहीतर दोन. आमच्या शेंगेत सात-आठ. आणि ह्या मुंग्या पाहिल्यात? दुसऱ्या मसुरीवर मुंगी चढत नाही. आमच्या मसुरीला मुंग्या मुजऱ्याला येतात."

बाई गुडघ्यावर बसल्या. भिंग डोळ्याला लावून बराच वेळ पानाच्या देठाशी बघत राहिल्या. गावाला वाटलं, भारावल्या.

"इथं या, काका," त्या म्हणाल्या. "पान जिथं दांड्याला चिकटतं तिथं हे दोन इवले कान आहेत ना? त्यांवर काळा ठिपका आहे. त्यातून गोड रस येतो, मुंग्या त्यासाठी येतात. मसुरीला हा ठिपका नसतो. फूल बघा, देठच नाही, पानाच्या बगलेत बसलंय. मसुरीचं फूल बारीक देठावर लोंबतं, आणि ते पांढरट असतं." त्या उठल्या, गुडघे झटकले आणि अगदी सरळपणे विचारलं, "मसूर कुठं लावलीय तुम्ही?"

"बाई, मसुरीतच उभ्या आहात तुम्ही."

"नाही ना, काका."

सगळे खाली वाकून मुंग्यांकडं बघू लागले. शेवटी पाद्रीबाबांनी घसा खाकरला. "मग हे आहे तरी काय? काही नाव?"

बाईंनी लॅटिन नाव सांगितलं. काकांचा चेहरा एकदम खुलला. "लॅटिन! व्हेनिसवाल्यांची भाषा! मी काय सांगत होतो इतकी वर्षं?"

"आपल्या भाषेत ह्याला वीकोस म्हणतात," बाई म्हणाल्या.

वीकोस म्हणजे काय ते आमच्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. शेळीला घालायचा चारा. बांधावर आपोआप उगवतो, जांभळं फूल येतं. गावातल्या शेळ्या दर वर्षी कुंपण मोडून नेमक्या काकांच्याच शेतात का घुसतात, त्याचा सगळ्यांना एकदम उलगडा झाला. आजवर काका त्याला शेळ्यांची पारख म्हणत आले होते.

"दाणा मसुरीसारखा चपटा आहे हो," काका म्हणाले. आवाज जरा बारीक झाला होता.

"रानातल्या वीकोसचा गोल असतो," बाई म्हणाल्या. "पण मसुरीच्या शेतात जो वीकोस वाढला, त्यातले गोल दाणे तुमच्या चाळणीनं बाजूला काढले. जे चपटे होते ते मसुरीबरोबर राहिले आणि पुन्हा पेरले गेले. पुन्हा चाळले, पुन्हा पेरले. कित्येक पिढ्या. चाळणीनंच त्याला मसुरीचं सोंग शिकवलं. असं जगात इतरत्रही झालंय. फक्त," त्या थांबल्या, "फूल आलं की लोक त्याला ओळखतात आणि उपटतात. तुम्ही काय केलंत?"

"आम्ही पांढरं उपटलं," मी म्हणाले. "मसुरीतून मसूर निंदून काढली."

बाईंनी प्रथमच माझ्याकडं नीट पाहिलं. मग त्यांनी काकांना विचारलं, शिजवताना पहिलं पाणी फेकता का? काकांनी हे गुपित तुम्हाला कुणी सांगितलं म्हणून गावाकडं रागानं पाहिलं. "फेकताय ते चांगलंच करताय," बाई म्हणाल्या, "यात थोडं विष असतं. बरंचसं त्या पाण्यात जातं. तरी उरतंच. डोकं दुखतं का जेवल्यावर?"

पाद्रीबाबांनी आकाशाकडं पाहिलं.

हसायला सुरुवात नियोनियोसनं केली. "काका, आता ऑगस्टात हंडा कशाला मांडता? गव्हाण मांडा! डावाऐवजी फावडं घ्या!" मग सगळेच हसू लागले. इतकी वर्षं ज्यांनी काकांपुढं टोपी काढली होती ते मांड्यांवर थापा मारत हसत होते. काका काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते. मला फार बरं वाटायला हवं होतं. थोडंसंच वाटलं.

"आता तुमचं शेत दाखवा," बाई नियोनियोसला म्हणाल्या.

नियोनियोसचं शेत काकांपेक्षा शुद्ध निघालं. एक पांढरं फूल शोधून सापडेना. टोपलीपाशी सगळ्यांत आधी कोपर मारणारा तोच, त्याच्या बायकोचे निंदणीचे हातही गावात नावाजलेले. पुढचं शेत तसंच, त्यापुढचंही तसंच. जो जितका हसला होता त्याच्या शेतात तितक्या मुंग्या. पाद्रीबाबांच्या शेतात तर दुसरं काही नव्हतंच. संध्याकाळपर्यंत हसणारं कुणी उरलं नाही.

सगळ्यात शेवटी मी बाईंना खळ्यामागं नेलं. त्या पुन्हा गुडघ्यावर बसल्या. दोऱ्याएवढ्या देठावर लोंबणारं इवलंसं पांढरं फूल, त्यात निळसर शिरा, शेंगेत दोन दाणे. मुंगी एकही नाही.

"ही मसूर," त्या म्हणाल्या. "आणि जुनं बी आहे. असं मी कुठं पाहिलेलं नाही. शिक्का मिळायचा तर ह्याला मिळेल. कुणाचं आहे?"

"माझ्या आईचं," मी म्हटलं.

मला इतका आनंद झाला की तो लपवावा असं वाटलं नाही. एक फुललेलं रोप खुडून मी सरळ सासूबाईंच्या कबरीवर नेऊन ठेवलं. गाढव आता राहिलेलं नाही, नाहीतर त्यालाही घेऊन गेले असते.

तुम्हाला वाटेल आता गाव शहाणं झालं. जुलैमध्ये मी पट्टीतली मसूर काढली, आणि दुसऱ्याच दिवशी काका सोडून सणाची सगळी समिती दारात हजर. मी साठीला आले, पण माझ्या दारात कधी इतक्या टोप्या हातात आलेल्या पाहिल्या नव्हत्या.

"डियामांतो," नियोनियोस म्हणाला. नाव घेतलं! "यंदा पहिला हंडा तुझा. बाहेरून पाहुणे येणार. सगळी मसूर दे, म्हणजे हंडा भरेल."

"सगळी दिली तर पेरायचं काय?"

"पुढचं पुढं बघू गं. गावाच्या अब्रूचा प्रश्न आहे."

"गावाची अब्रू शेळ्यांनी खाल्ली," मी म्हटलं. "हे बी आहे. ह्याची आमटी होणार नाही."

मला स्वार्थी म्हणाले, खालच्या गावची जात दाखवली म्हणाले. झोइसनं आयुष्यात पहिल्यांदा तोंड उघडलं आणि म्हणाला, "ती नाही म्हणालीय." एवढंच. मी त्या रात्री त्याला दोनदा वाढलं.

मग पहिल्या हंड्यासाठी नियोनियोसनं बंदरावरच्या दुकानातून गोणी आणली. गोणीवर कॅनडा छापलेलं होतं, ती बाजू त्यानं भिंतीकडं करून ठेवली. सणाच्या दिवशी ती कॅनडाची मसूर आमच्या तारणहारापुढं चढली. एकदा उकळली, आणि बायकांनी सवयीनं ते पहिलं पाणी, चांगलं तपकिरी, वासाचं पाणी, देवळामागं ओतून दिलं. कुणी विचारलं नाही की आता कशाला. लोकांनी चव घेतली, एकमेकांकडं पाहिलं.

"वजन नाही हिला," कुणीतरी म्हणालं.

"डोकंसुद्धा दुखत नाही," पाद्रीबाबा खिन्नपणे म्हणाले. "लांब्रोसची होती तिची गोष्टच वेगळी."

लांब्रोसकाका त्या दिवशी आले नव्हते.

क्रुसाच्या सणाला मी देवळात गेले, पण रिकाम्या हातानं. टोपली नेहमीसारखी भरत होती. सगळ्यांनी पुन्हा तेच आणलं होतं, जांभळं. दुसरं होतं काय त्यांच्याकडं?

"तुझं बी कुठाय?" पाद्रीबाबांनी विचारलं.

"घरी."

"टोपलीत घातल्याशिवाय आशीर्वाद कसा लागेल? आशीर्वादाशिवाय पीक येत नाही, सूनबाई."

"येत नाही कसं, पाद्रीबाबा. तुमचा आशीर्वाद किती लागू पडतो ते अख्ख्या पठारानं पाहिलंय. म्हणूनच नको."

ते मला देवळाबाहेर काढतील असं वाटलं. काढलं नाही. काही बायका खाली बघून हसल्या, आणि त्यातली एक संध्याकाळी मागच्या दारानं पसाभर मसूर मागायला आली. मी दिली. मग दुसरी आली.

काका आले ते पुढच्या दारानं. एवढं त्यांचं मान्य करायलाच हवं. काठी उंबऱ्याला टेकून म्हणाले, "मी ऐकलंय, तुझ्या आईला हे बी मुळात आमच्या आजोबांनी दिलं होतं."

"कशाबद्दल? घोडा वाचवला म्हणून?"

त्यांनी काठी दुसऱ्या हातात घेतली. मी म्हटलं, "बसा. आधी जेवा, मग बोलू." घरात मसूरच शिजलेली होती. एकाच पाण्यात शिजवलेली. त्यांनी एक ताटली खाल्ली, पावानं पुसून पुसून खाल्ली, मग ताटली पुढं केली, मी पुन्हा वाढलं. तीही संपवली.

"कशी झालीय?" मी विचारलं.

"कच्ची," ते म्हणाले. "पहिलं पाणी काढायला हवं होतं."

पण उठताना त्यांनी टोपी उलटी करून पुढं धरली. मी टोपीत बी ओतलं. पसाभर नाही, चांगलं टोपी भरून. माझ्याही डोक्यात तेव्हा काय आलं कोण जाणे. नव्वदीला टेकलेल्या माणसाला टोपी पुढं करताना बघवलं नाही, हेच खरं.

त्यांनी ते फेब्रुवारीत देवळाशेजारच्या त्यांच्या सर्वांत चांगल्या शेतात पेरलं. हे मला झोइसनं सांगितलं. मे महिना लागला तशी मी मुद्दाम त्या वाटेनं गेले. शेत पांढरं झालेलं असणार, बांधावरून नुसतं बघायचं आणि यायचं, एवढाच मनसुबा.

काका शेतात होते. एकटेच, ओणवे होऊन निंदत होते. वाफ्यातून मुळासकट उपटून एकेक रोप बांधावर टाकत होते. बांधावर ढीग झाला होता, पांढऱ्या फुलांचा. मागं निंदलेली जमीन, आणि तिच्यात जुन्या पडलेल्या दाण्यांतून उगवलेला जांभळा वीकोस ताठ उभा.

"काका!" मी ओरडले. "अहो, उलटं! उलटं चाललंय तुमचं!"

ते थांबले. हातातल्या रोपाकडं पाहिलं. मग ढिगाकडं पाहिलं. मग हळूच खाली बसले आणि ते रोप पुन्हा मातीत खोचायला लागले, बोटांनी भोवती माती दाबत.

"डोळ्यांना कळतंय गं," ते म्हणाले. "हात ऐकत नाहीत."

मी खाली उतरले. शेताचा एक कोपरा अजून त्यांच्या हाताखालून जायचा राहिला होता. तिथं आम्ही दोघं बसलो. जांभळं दिसेल ते मी उपटलं, आणि त्यांचे दोन्ही हात त्यांच्याच मांडीखाली ठेवायला लावले. ते ठेवून बसले, नव्वद वर्षांचा माणूस, आणि मला कुठलं राहिलं ते हनुवटीनं दाखवत राहिले. घरी येऊन मी झोइसला सांगितलं, या वर्षीही टोपीभर बी बाजूला काढून ठेवायचं.